भामावन्संच्या रक्तातला डूख

माझ्या देव्हाऱ्यापुढं बसून भामावन्सं रोज एकच मागणं मागायच्या. "देवा, माजं मी बगती. तू फकस्त बाळासोला बग."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी निरांजन खाली ठेवलं. मी म्हटलं, "वन्सं, देवापुढं कुणाचं वाईट चिंतू नये."

"मंग कुनापुढं चिंतू? ठेसनमास्तरापुढं?"

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. भामाबाई माझ्या नणंद, आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. हे, म्हणजे शंभू, दौंड जंक्शनला पॉइंट्समन, आणि आम्ही राहायला रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांत. १९९८ च्या पौषात हे जीप करून गेले आणि बहिणीला तळेगाव ढमढेऱ्याकडच्या वस्तीवरून उचलून घेऊन आले. अंगात ताप, कमरेतून वाकलेल्या, गालांची चिपाडं झालेली. पण डोळे असे पेटलेले, की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा राहिला आणि मी दारातच उभी राहिले.

वन्संची हकिगत मी लिहिते आहे, कारण त्यांच्यावर जे झालं ते सगळ्या वस्तीनं बघितलं, आणि त्यांनी ते कसं फेडलं हेही. देवाच्या भीतीनं बायका सूड सोडून देतात. वन्संनी देवालाच साक्षीला बसवलं. मी उपासतापास करणारी, पोथी वाचणारी बाई. रोज वहीत चार ओळी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी खूप विचार केला, आणि माझं म्हणणं इतकंच, की त्यांनी केलं ते बरोबर केलं.

वन्संचं सासर मेंढपाळाचं. आता आमच्या लोकांत घरोघरी ऊस आला, फ्लॉवर आला, मेंढरं राखणारी घरं थोडी उरली, त्यातलं ते एक. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कळप अर्धा वन्संचा, अर्धा दिराचा, बाळासोचा. पण राखायच्या वन्संच. मेंढी अडली की वस्तीवर एकच हाक उठायची, "भामाला बलवा." त्यांचा पंजा लहान, बोटं लांब. कोपरापर्यंत खोबरेल चोपडून हात आत घालायच्या, आडवं आलेलं कोकरू आतल्या आत फिरवायच्या आणि अलगद ओढून काढायच्या. नाकातोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकायच्या. त्या हाताला आजूबाजूच्या चार वस्त्यांवर मान होता.

मग बाळासोनं एडका आणला. टकरीचा. फलटणकडून. नाव ठेवलं बादशा. गळ्यात घुंगरं, कपाळावर गुलाल, शिंगांना तेल. दोन टकरी मारल्या तसा बाळासोचा फेटा तिरका बसायला लागला. जो तो म्हणायचा, आमच्या मेंढ्यांवर सोड. तो कळपाकळपातून बादशाला फिरवायचा.

पुढच्या विणीला मेंढ्या गाभडायला लागल्या. दिवस भरायच्या आत मेलेली कोकरं पडायची. आधी एक, मग दुसरी, मग सकाळी उठून बघावं तर कुठं ना कुठं एक पडलेलंच. वन्सं हात घालून मेलेलं कोकरू काढायच्या, वार उघड्या हातानं उचलून खड्ड्यात पुरायच्या. बाभळीच्या काट्यांनी बोटांना चिरा पडलेल्याच असायच्या. बाकी कुणी पुढं यायचं नाही. वास यायचा ना.

आणि बाळासो बाजारात बसून सांगायला लागला, "आमच्या वैनीचा हात लागला की मेंढी गाभडती. पांडऱ्या कपाळाच्या बाईचा हात, दुसरं काय व्हनार?"

बिरोबाच्या देवळात बैठक बसली. निवाड्याला भैरू आबा, वस्तीतले सगळ्यात जाणते. आमच्यात मोठी शपथ म्हणजे बेल-भंडारा. बेलाचं पान आणि देवापुढची हळद तळहातावर घ्यायची आणि बोलायचं. एकदा उचलला की त्याच्यापुढं कुठलं कोर्ट नाही.

वन्संनी उचलला. "माज्या हातात खोट आसंल तर देव दावंल," म्हणाल्या.

माणसं पांगली, वन्सं निश्चिंत झाल्या. आणि दोन दिवस सरतात न सरतात तोच त्यांची स्वतःची लाडकी मेंढी, काळतोंडी, हिरव्या घासात उभी असताना गाभडली.

देवानं दावलं! झालं. आता कुणाला काय सांगणार? आबांनी निवाडा दिला, "अंगातली बाधा जाईस्तवर भामानं वाघरीच्या आत पाय ठिवायचा न्हाई." वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचं दोरीचं जाळं. मेंढ्या दुसऱ्याच्या रानात खतासाठी बसवायच्या, भोवती वाघर लावायची, आणि वन्सं त्या वाघरीच्या बाहेर बाभळीखाली. आतून त्यांच्या मेंढ्या त्यांना बघून ओरडायच्या. बाळासो जाळ्यावरून भाकरी फेकायचा. कुत्र्याला टाकतात तशी, वरून. तिथंच वन्संना ताप सुरू झाला, तर वस्ती म्हणाली, बगा, देव अंगातनं काढतोय.

हे सगळं त्यांनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. आवाज चढवला नाही की डोळ्यांत टिपूस आणलं नाही. मी विचारलं, "मग आता तुम्हाला काय पाहिजे वन्सं? कळप?"

"कळप कशाला? त्याच देवळात, त्याच मानसांम्होरं, बाळासोच्या हातावर भंडारा पायजे. आन् वाघरीच्या भाईर बाळासो पायजे. येवडं झालं की मी मराया मोकळी."

पण कधी कधी दुपारी ओट्यावर बसून त्या स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायच्या. मी दिसले की पदराखाली घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "प्रतिभा, खरंच आसंल का गं काय ह्येच्यात?" शपथ घेतल्यावर मेंढी गाभडली होती. मीही बिरोबाला मानणारीच.

ताप काही हटेना. दौंडात ताप म्हटलं की टायफॉईड. एका डॉक्टरनं सलाईन लावली, दुसऱ्यानं सुया दिल्या. ताप जायचा, आठवडाभर बरं वाटायचं, की परत. घाम असा, की गोधडी पिळून वाळत घालावी. गुडघे, कंबर, खुबे, सगळं धरलेलं. शेवटी शेजारणीनं स्टेशनाबाहेरच्या गल्लीत नवा दवाखाना घातलेल्या डॉक्टर निखतचं नाव सांगितलं. अयुबभाई बकरेवाल्यांची लेक. ह्याच गल्लीत वाढलेली.

तिनं नाडी बघितली, पोट दाबलं, आणि विचारलं, "मावशी, मेंढ्या राखता?"

"राखत हुते. आता ही दोगं मला राखत्यात."

"वीण करता? स्वतःच्या हातानं?"

वन्सं ताडकन उठल्या. "चल गं प्रतिभा. हिलाबी कुनीतरी सांगितलंय!"

मी पदर धरून बसवलं. डॉक्टरीणबाईंना आधी काही कळेना. मी थोडक्यात सांगितलं तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मावशी, माझ्या अब्बांना दोन वर्षं असाच ताप होता. बकऱ्या विकायच्या, कापायच्या, आमचा धंदा तो. सगळे टायफॉईडच म्हणायचे. अब्बा काठीवर आले तेव्हा पुण्यात कळलं. म्हणून विचारलं. एकदा रक्त तपासू या, बस्स."

रक्त पुण्याला पाठवायचं ठरलं. थर्मासमध्ये बर्फ घालून आमचे हेच सकाळच्या गाडीनं घेऊन गेले. बहिणीचं रक्त मांडीवर धरून बसले होते म्हणे, शेजारच्यानं चहा मागितला तरी थर्मास उघडला नाही.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर निखतनं दुसऱ्या पेशंटांना बाहेर थांबवलं. "ब्रुसेला नावाचा जंतू आहे. जनावरांचा रोग. मेंढी ह्यानंच गाभडते. गाभडलेल्या वारेत, पाण्यात, कच्च्या दुधात तो असतो. तुम्ही उघड्या हातानं ते सगळं काढलंत, हाताला चिरा होत्या. मावशी, तुमच्या हातानं मेंढीला काही दिलं नाही. मेंढीनं तुमच्या हाताला दिलं."

मी पदर डोळ्याला लावला. वन्सं मात्र पोलिसासारख्या बसल्या होत्या. "कशावरनं?"

"रक्तावरून. अंगात एखादा जंतू शिरला की रक्त त्याच्याशी लढायला एक द्रव्य तयार करतं. प्रतिपिंड म्हणतात त्याला. ते त्या एकाच जंतूसाठी असतं, दुसऱ्या कुणाला धरत नाही. लॅबमध्ये त्यापुढं तोच जंतू मारून ठेवला, की ते त्याला बरोबर धरतं आणि गुठळी होते. मग त्यात पाणी घालत जायचं, आणखी पातळ, आणखी पातळ, आणि बघायचं कुठपर्यंत ओळखतं. तुमचं सहाशे चाळीस पट पातळ केलं, तरी ओळखलं."

"येवडं पानी घातलं तरी इसरलं न्हाई?"

"नाही विसरलं."

"मंग माजंच रगात हाय ते."

डॉक्टर निखत हसल्या. वन्सं नाही हसल्या. "म्हंजी रगात डूख धरतंय."

"तसंच म्हणा."

"आन् रोग बरा झाल्यावर? तवा सोडतंय का?"

"औषधानं रोग जातो. ही खूण मात्र रक्तात राहते. कुणाची काही महिने, कुणाची वर्षानुवर्षं. माणूस ठणठणीत होतो, तरी तपासलं की निघते. अब्बांची अजून निघते."

वन्संनी ते वाक्य परत म्हणवून घेतलं. कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी आणखी एक विचारलं, "ह्यो गड्यानांबी व्हतो?"

"होतो तर. ताप, घाम, कंबर, आणि कधी कधी अवघड जागी सूज येते. लाजेनं सांगत नाहीत कुणाला, अंगावर काढतात."

गोळ्या सुरू झाल्या. दोन तऱ्हेच्या, महिना-दीड महिना न चुकता घ्यायच्या. लघवी केशरी व्हायला लागली तशा वन्सं परसातून ओरडल्या, "आगं, भंडारा निगतोय भंडारा!" हळूहळू ताप थांबला, कंबर सरळ झाली. आणि जसं बळ आलं तसा राग परत आला, पहिल्याहून ताजा. पाट्यावर मिरची वाटायला बसल्या की वरवंट्याच्या प्रत्येक रगड्याला एकदा बाळासो. मला ऐकून ऐकून पाठ झालं. नंतर नंतर सकाळी देवापुढं त्या मागणं मागायला लागल्या की मीही मागून म्हणायची. बिरोबानं वन्संना खोटं पाडलं नव्हतं, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. तो बोलला होता, पण वस्तीला त्याची बोली कळली नव्हती.

फाल्गुनात बाळासोची बायको रुपाली माहेरी जाता जाता आमच्याकडं उतरली. दारातच वन्संच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली.

"काय गं, मेला का काय?" वन्सं म्हणाल्या.

"न्हाई जाऊबाई. पर तुमी गेल्यावर बी मेंढरं गाभडत्यातच की. दुसऱ्यांच्या कळपात बी. मंग आता मला म्हनत्यात, तुजाच पायगुन. काल सगळ्यांदेखत चुलीतलं लाकूड उगारलं."

तुझ्या नवऱ्याला कुणीतरी बाई लागतेच दोष ठेवायला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. वन्संनी मला डोळ्यानं गप्प केलं. रुपालीला पाणी दिलं, चहा दिला, आणि एकेक धागा ओढावा तसं काढून घेतलं. बाळासोला ताप येतो का? येतो, जातो. शिरूरच्या डॉक्टरनं टायफॉईड सांगितलाय. घाम? अंथरूण भिजतं. आणि? रुपालीनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली. "बसताना फेंगडं बसत्यात. दावा म्हनलं डागदरला, तर अंगावर येत्यात."

"आन् त्यो एडका? येवडा जातीचा एडका त्या फलटनवाल्यानं सोडला कसा?"

"तिकडं त्यांच्या मेंढ्या गाभडत हुत्या म्हनूनच की. ह्यांना ठावं हुतं. मला म्हनले, कुनाला बोलू नगंस, टकरीचं जनावर हाय, आपल्याला मेंढ्यांचं काय करायचंय."

यार्डात इंजिनानं शिट्टी दिली. ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं वन्संच्या तळहातावर भंडारा ठेवायला लावला होता.

वन्संनी कप खाली ठेवला. "रुपाली, रडू नगंस. त्याला औशिद हाय, मी सोता पाठवती. पर आदी त्याचा भंडारा. तवर ह्यातलं एक अक्षर घरात काढायचं न्हाई. काडशील?"

"काडलं तर जीभ झडंल माजी," रुपाली म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

डॉक्टर निखतनं तोवर शिरूरच्या जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना गाठलं होतं. मेंढ्यांची तपासणी आणि तापाच्या माणसांची तपासणी एकाच दिवशी, बिरोबाच्या देवळापुढं, असं ठरलं. चैत्रातला रविवार होता. आम्ही जीपनं पोचलो. वन्संनी निळं लुगडं नेसलं होतं, कपाळाला भंडारा. देवळापुढं कळप बांधलेले, माणसं जमलेली, आणि खुट्ट्यावर बादशा नव्हताच.

बाळासो बिडी ओढत उभा होता. "एडका इकला मी. आता खुट्टा तपासायचा आसंल तर तपासा."

लोक हसले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मेंढ्या तपासू, पण रोग आणला कुणी ते एडक्याशिवाय कसं सांगणार? बाळासोनं वन्संकडं बघून धूर सोडला. मला वाटलं संपलं. इतके दिवस मिरची वाटली ती फुकट.

वन्सं सरळ देवळाच्या पायरीवर गेल्या. भैरू आबा तिथं बसले होते.

"आबा, निवाडा तुमी केला हुता. मी भंडारा उचलला, तुमी मला भाईर बसीवलं. मी काय बोलली न्हाई. आज त्योच भंडारा बाळासोच्या हातावर द्या."

"काय म्हनून, भामे?"

"त्यांनी येवडंच म्हनायचं, एडका निरोगी हुता, तिकडच्या मेंढ्या गाभडत हुत्या ते मला ठावं न्हवतं, आन् ह्यो रोग माज्या घरात न्हाई. खोटं आसंल तर माज्या रगतात उतरंल."

आबांनी बाळासोकडं बघितलं. "काय रं?"

बाळासोनं बिडी टाकली. एडका लांब होता. फलटणवाला लांब होता. ताप टायफॉईडचा होता, डॉक्टरच बोलला होता. त्याला कशाची भीती? फेटा सारखा करून त्यानं बेल घेतला, भंडारा घेतला, आणि सगळं एका दमात म्हणून टाकलं. 'माज्या रगतात उतरंल' तर एवढ्या जोरात, की मेंढ्या दचकल्या.

"झालं समादान, वैनी?"

"माजं व्हईल मागनं," वन्सं म्हणाल्या. "देवानं ऐकलं. आता काय लिवलंय ते डागदरीनबाई वाचतील. हात म्होरं करा, भावजी."

बाळासोचा चेहरा उतरला. "माजं रगात? मी काय मेंढरू हाय का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "एडका न्हाई तर धनी चालंल की!" बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

"तपासायचं ते जनावराचं ठरलंय, मानसाचं कशाला..." तो मागं सरकायला लागला. तेव्हा आबा उठले. "बाळासो, रगतात उतरंल आसं तू म्हनलास. भंडारा हातावर घिऊन म्हनलास. मंग रगात दे." बाळासोच्या तळहाताला अजून हळद लागलेली होती. त्यानं बाही वर केली.

रक्त गोठून वर पिवळसर पाणी सुटायला वेळ लागला. तोवर मेंढ्यांचं चाललं होतं. लोक घरी गेले नाहीत, उन्हात बसून राहिले. मग डॉक्टर निखतनं पांढरी फरशी पुढं घेतली. बाळासोला हळूच म्हणाल्या, "तुम्हाला एकट्याला सांगू का आधी?"

"एकट्याला कशाला? दावा सगळ्यांना!" तो अजून तोऱ्यात होता, की घाबरून तसं बोलला, देव जाणे.

त्यांनी आधी स्वतःच्या रक्तातलं पाणी फरशीवर टाकलं. त्याच्याशेजारी एक थेंब गुलाबी औषधाचा, त्यात मेलेले जंतू घातलेले असतात. काडीनं कालवलं, फरशी हळूहळू हलवली. गुलाबी होतं तसंच राहिलं, सरबतासारखं. "माझ्या अंगात हा रोग कधी शिरला नाही," त्या म्हणाल्या. मग वन्संचं. कालवलं, हलवलं, आणि बघता बघता त्या गुलाबीत बारीक बारीक गुठळ्या झाल्या, दूध फाटावं तशा. "मावशींच्या अंगात शिरला होता. रक्तानं त्याला ओळखलं."

मग बाळासोचं.

भैरू आबा चष्मा लावून वाकले. आम्ही सगळ्याच वाकलो. निखतनं फरशी एकदा उजवीकडं कलती केली, एकदा डावीकडं, आणि तेवढ्यातच ते फाटलं. वन्संच्यापेक्षा मोठ्या गुठळ्या. कडेला लाल रेघ धरलेली. गुलाल उधळल्यासारखं दिसत होतं. बादशाच्या कपाळावर लावायचा तो गुलाल मला आठवला.

पहिल्यांदा बोलली ती रुपाली. "देवानं दावलं," ती म्हणाली, अगदी हळू. वन्संच्या वेळी सगळी वस्ती जे ओरडली होती, तेच.

बाळासो खालीच बसला. "एडका सनसवाडीला हाय," म्हणाला. "खोल्या भाड्यानं देतोय एक दोस्त, त्याच्या परसात. फलटनचं मला ठावं हुतं. वैनी, चुकलो."

"माज्याशी बोलू नगा. भंडारा मी न्हाई तुमच्या हातावर ठिवला." वन्सं आबांकडं वळल्या. "मला जो निवाडा दिला त्योच द्या. एक सबूद कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

आबांना शब्द आठवत होते. त्यांचीही मान खाली होती. "अंगातली बाधा जाईस्तवर बाळासोनं वाघरीच्या आत पाय ठिवायचा न्हाई."

"जाईस्तवर म्हंजी कवा? मला तवा कुनी सांगितलं न्हवतं," वन्सं म्हणाल्या. "ह्यांचं आपन सोपं करू. रगात तपासायचं. साफ निगालं की खुशाल यावं आत."

मला दवाखान्यातलं ते वाक्य आठवलं, त्यांनी परत म्हणवून घेतलेलं. डॉक्टर निखतलाही आठवलं असणार. "मावशी, पण ते रक्तातलं तर..."

"डागदरीनबाई, च्या घ्या."

चहा बाजूला ठेवून निखतनं आबांना समजावलं, की बाळासोला औषध देऊ, तो बरा होईल, त्याच्यापासून मेंढ्यांना धोका नाही, आणि रक्तातली खूण मात्र वर्षानुवर्षं राहू शकते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "भामापासनं बी कुनाला धोका न्हवता. तरी बसलीच की ती भाईर. बसू द्या त्यालाबी."

बादशाला आणून तपासलं. त्याचंही फाटलं. जनावरांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला संपवलं, खोल खड्डा काढला, वर चुना टाकला. बाळासो लांब बांधावर पाठ करून बसला होता. ज्या मेंढ्यांत रोग निघाला त्या कळपातून काढल्या. कितीतरी निघाल्या. वन्संची काळतोंडीही. तिच्या कपाळावरून वन्संनी एकदाच हात फिरवला. उरलेला कळप त्यांच्या ताब्यात आला. आता मेंढी अडली की त्या रबरी हातमोजे घालतात, वार चुन्यात पुरतात, दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लावू देत नाहीत. चारी वस्त्यांवरून परत हाक यायला लागली, "भामाला बलवा."

गोळ्या त्यांनी कबूल केल्याप्रमाणं पाठवल्या, न चुकता, रुपालीच्या हाती. बाळासो बरा झाला. ताप गेला, सूज गेली, चालणं सरळ झालं. आणि मग त्याच्या दौंडच्या फेऱ्या सुरू झाल्या. दिवाळी झाली की यायचा, पाडवा झाला की यायचा. आमच्याकडंच उतरायचा, दुसरं कोण आहे? मी चहा द्यायची. तो निखतच्या दवाखान्यात रक्त द्यायचा आणि संध्याकाळी कागद घेऊन परत यायचा. मी विचारायच्या आधीच म्हणायचा, "हाय आजून." मी देवापुढं साखर ठेवायची.

परवा, म्हणजे २००३ च्या पाडव्यानंतर, मी वस्तीवर गेले होते. उसाच्या खोडव्यात वाघर लावलेली, आत मेंढ्या, आत वन्सं आणि रुपाली. बाहेर बाभळीखाली बाळासो, दौंडहून नुकताच आलेला. कागद गुडघ्यावर. वन्संनी भाकरीवर कांदा ठेवला आणि जाळ्याशी गेल्या. मला वाटलं, आता हातात देतील. वर्षं झाली की. त्यांनी वरून टाकली. बाळासोनं ती मातीतून उचलली, झटकली.

"काय निगालं, भावजी?"

"हाय म्हनत्यात."

"माजंबी हाय. मागच्या महिन्यात तपासलं. दोगांचंबी इसरंना बगा."

संध्याकाळी बिरोबाला दिवा लावायला आम्ही दोघी गेलो. वन्संनी हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. मागणं बदललेलं वाटलं, म्हणून मी विचारलं, आता काय मागता?

"बाळासोला आयुष्य दे म्हनती," त्या म्हणाल्या. "लई मोठं."